बालशिक्षणाची ओळख : पहिल्या सत्रात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पदवीच्या पहिल्या वर्षाला ‘बालविकास आणि बालशिक्षण’ हा प्रास्ताविक पेपर घेणाऱ्या मुला-मुलींचे प्रश्न दरवर्षी साधारण सारखेच असतात. प्रवेशाच्या वेळी बरोबर आलेले पालकही तेच विचारतात. हा विषय बरीच वर्षं शिकवताना जी उत्तरं वर्गात देते, ती इथे लिहिली आहेत. काही प्रश्नांना दोन ओळी पुरतात, काहींना पुरत नाहीत.

या पेपरमध्ये नेमकं काय शिकायचं असतं?

जन्मापासून आठ वर्षांपर्यंतचं मूल कसं वाढतं, आणि त्या वाढीला मोठ्या माणसांनी कसा हातभार लावायचा, हा गाभा. पहिल्या सत्रात भर तीन ते सहा या वयावर असतो, म्हणजे बालवाडीतली मुलं. विकासाचे पैलू (शारीरिक, भाषिक, बौद्धिक, भावनिक, सामाजिक), खेळाचं स्थान, दिवसाचं नियोजन, आपल्याकडच्या बालशिक्षणाचा इतिहास, कायदे आणि धोरणं असे घटक आहेत. दर आठवड्याला एक दिवस बालवाडीत किंवा अंगणवाडीत जाऊन निरीक्षण करायचं असतं. या एका पेपरवर तुम्ही बालवाडी शिक्षिका होत नाही. पण मुलांकडे बघायची नजर इथूनच तयार व्हायला लागते.

लहान मुलांना शिकवायला वेगळं शिक्षण कशाला? घरी भावंडं सांभाळलीच आहेत की.

भावंडं सांभाळलेली असतील तर तुमच्या गाठीशी चांगली शिदोरी आहे, तिचा उपयोगच होईल. तरी एक प्रयोग घरी करून बघा. एकसारखे दोन पेले घ्या, दोन्हींत सारखंच पाणी भरा आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला विचारा, ‘दोन्हींत सारखं आहे ना?’ त्याचा होकार आला की त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं पाणी उंच, अरुंद ग्लासात ओता. आता विचारा, ‘कशात जास्त आहे?’ या वयाची बहुतेक मुलं न अडखळता उंच ग्लासाकडे बोट दाखवतात. पाणी परत पेल्यात ओतून दाखवलं तरी पुढच्या वेळी तेच उत्तर येतं.

या मुलाचं लक्ष नव्हतं, असं नाही. त्याच्या विचाराची पद्धतच या वयात अशी असते. डोळ्यांना जे ठळक दिसतं, इथे पाण्याची उंची, त्यावर ते भरवसा ठेवतं. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी अशा साध्या प्रयोगांतून दाखवलं, की मुलाचा विचार हा मोठ्यांच्या विचाराची अपुरी नक्कल नसतो, त्याची स्वतःची घडण असते. हे एकदा कळलं की ‘किती वेळा सांगितलं, तरी कळत नाही’ हे वाक्य तोंडातून निघण्याआधी आपण थांबतो. वेगळं शिक्षण हवं ते यासाठी.

मॉन्टेसरी, केजी, बालवाडी, अंगणवाडी : हे सगळं एकच का?

नाही, आणि पहिल्याच चाचणीत हा प्रश्न हमखास येतो.

केजी म्हणजे किंडरगार्टन, ती कल्पना जर्मनीतल्या फ्रेडरिक फ्रोबेल यांची. त्यांनी १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्ग इथे अशी संस्था सुरू केली आणि खेळाला शिक्षणाच्या मध्यभागी आणलं. मारिया मॉन्टेसरी इटलीतल्या डॉक्टर. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांची ‘मुलांचं घर’ नावाची पहिली बालशाळा उघडली. विशिष्ट साधनं, मूल आपल्या गतीनं ती हाताळतं, शिक्षिका मध्ये मध्ये न करता बघत राहते, ही त्यांची पद्धत. त्या १९३९ मध्ये भारतात आल्या, युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला आणि त्या काळात त्यांनी इथल्या पुष्कळ शिक्षकांना प्रशिक्षण दिलं.

अंगणवाडी ही सरकारी यंत्रणा आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचं ते गावपातळीवरचं केंद्र. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास मोठ्या दवाखान्यात पाठवणं), पोषण आणि आरोग्य शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, अशा सहा सेवा तिथून मिळतात. बालवाडी हा सैल शब्द आहे. संस्था, मंडळं, शाळा, कुणीही चालवतं. आणि ज्या वर्गावर ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी आहे तिथे ती पद्धत असेलच असं अजिबात धरून चालू नका. आत जाऊन बघा : साधनं मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर आहेत का, की कपाटात कुलुपात आहेत?

निरीक्षण वही म्हणजे काय, आणि तिला एवढं महत्त्व का?

या पेपरमध्ये विद्यार्थी सगळ्यात जास्त इथेच अडतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वहीच्या पानाचे दोन भाग करायचे. डावीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं तेवढंच. उजवीकडे त्यावरून तुम्हाला काय वाटतं ते. पहिल्या आठवड्यात बहुतेकांच्या डाव्या रकान्यात ‘मुलगी हुशार आहे’, ‘मुलगा हट्टी आहे’, ‘लाजरी वाटली’ असं येतं. हे सगळं उजव्या रकान्यातलं. हट्टीपणा डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की मुलानं ठोकळा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि बाईंनी मागितल्यावर मान हलवली.

चांगली नोंद कशी असते ते बघा. मुलीचं नाव लिहायचं नाही, म्हणून ‘ब’.

‘१०.१५. ब, वय ४ वर्षे २ महिने. मण्यांच्या डब्याजवळ मांडी घालून बसली. उजव्या हातात दोरा, डाव्या हातात लाल मणी. दोऱ्याचं टोक मण्याच्या भोकावर टेकवलं, टोक वाकलं, आत गेलं नाही. पुन्हा तसंच केलं. टोक तोंडात घालून ओलं केलं, चिमटीत पिळलं. परत घातलं. पलीकडून टोक जरासं बाहेर आलं. मणी मांडीवर ठेवून टोक ओढलं. शेजारच्या मुलाकडे बघून, “गेला!” तो बघत नव्हता. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून पुन्हा, “ए, गेला बघ!”’

आता उजवा रकाना भरायला केवढा ऐवज मिळाला. दोन्ही हातांची वेगवेगळी कामं तिला जमतात. चिमटीची पकड पक्की आहे. अडचण आल्यावर तिनं उपाय शोधला, आणि तो बहुधा घरी कुणाला सुईत दोरा ओवताना बघून उचललेला आहे. यश मिळाल्यावर ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, समोरच्याचं लक्ष नाही हे ओळखून तिनं सांगायची तऱ्हा बदलली. ‘मुलगी हुशार आहे’ या तीन शब्दांत यातलं काहीच येत नाही. शिवाय पुढच्या आठवड्यात ‘ब’ला काय द्यायचं हे या नोंदीवरून ठरवता येतं : बारीक भोकाचे मणी, किंवा रंगांचा क्रम लावून ओवायचं काम.

पहिली तीन-चार निरीक्षणं कोरडी वाटतील. लिहीत राहा.

पियाजे, व्हिगॉत्स्की यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागतात का?

परीक्षेला थोड्या लागतात. पण समजून घेतल्या तर पाठांतराचा भार उरत नाही. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉत्स्की (१८९६–१९३४) यांचं म्हणणं असं, की मूल आज एकट्यानं जे करू शकतं आणि जाणत्या माणसाच्या जराशा मदतीनं जे करू शकतं, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात शिकणं घडतं. वरच्या नोंदीतल्या ‘ब’ला कुणी मणी ओवून हातात दिला असता तर मदत जास्त झाली असती. ‘टोक जरा ताठ हवं, नाही का?’ एवढंच म्हटलं असतं तर बेताची. अशी उदाहरणं आपल्या वहीतून शोधा आणि उत्तरात लिहा. परीक्षकांनाही ती हवी असतात.

आपल्याकडे हे काम कुणी सुरू केलं? इतिहास विचारतात का?

विचारतात, आणि हा भाग मी घाईत उरकत नाही.

गिजुभाई बधेका व्यवसायानं वकील. ते शिक्षणाकडे वळले आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. मुलांच्या मागे मायेनं लागणाऱ्या या मिशीवाल्या गृहस्थांना लोक ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करायला भावनगरला गेल्या. १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकारानं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसरींची पद्धत त्यांनी घेतली, पण साधनं महाग, गाणी-गोष्टी परक्या. त्यांना इथल्या मुलाला शोभेल असं रूप देणं हे या मंडळींचं मोठं काम.

पुढे ताराबाईंना शहरी, खाऊनपिऊन सुखी मुलांपुरतं हे शिक्षण राहू नये असं वाटू लागलं. १९४५ मध्ये त्यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात, ओट्यावर, झाडाखाली मुलं जमवायची, हातपाय-तोंड धुवायचे, गाणी, गोष्टी, खेळ. अंगणातल्या या बालवाडीत नंतरच्या सरकारी अंगणवाडीचं बीज आहे.

१९५७ मध्ये केंद्र डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथे अडचण वेगळी होती. थोरली मुलं गुरं चारायला जात, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मुली घरी राहत. म्हणून गुरांच्या मागे कुरणात भरणारी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे कडेवरच्या भावंडासकट मुलीला शाळेत येता यावं. साधनं शंख, शिंपले, बिया, पानं, खडे यांची. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री.

मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं काय बदलायचं, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला. आज एखादं मूल आपल्या वर्गात बसत नाही तेव्हा ‘त्याला शिस्त नाही’ असं म्हणण्याआधी तोच प्रश्न आपण विचारावा, म्हणून हा इतिहास अभ्यासक्रमात आहे.

पालक म्हणतात, ‘नुसतं खेळवताच का? लिहायला कधी शिकवणार?’ त्यांना काय सांगायचं?

हा प्रश्न तुम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत विचारला जाईल. त्यामागची काळजी खरी असते. शेजारचा मुलगा दुरेघी वही भरून आणतो आणि आपला मातीत खेळतो, हे बघून आईच्या पोटात गोळा येतो. तिला हसण्यावारी नेऊ नका.

तिला हात दाखवून सांगा. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक ऊती असते, आणि पुढच्या कित्येक वर्षांत एकेक करून तिचं हाड बनतं. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात पेन्सिल धरून बारीक ओळीत अक्षर बसवायला तयारच नसतो. जबरदस्तीनं बसवलं तर मूठ आवळली जाते, पकड चुकीची बसते, आणि लिहिण्याचा कंटाळा त्या वयातच मनात भरतो. हात तयार होतो तो कणीक मळून, मटार सोलून, बटणं लावून, कागद फाडून चिकटवून, ठसे उमटवून, पाटीवर मोठमोठ्या रेघा ओढून. यातलं निम्मं घरच्या स्वयंपाकघरात होऊ शकतं, हेही सांगा.

वाचनाचंही तसंच. बडबडगीतातली यमकं, ‘क नं सुरू होणाऱ्या वस्तू सांगा’ म्हटल्यावर येणारी काकडी, कावळा, कपाट, हे सगळं कानाचं शिक्षण. शब्दातला सुटा आवाज कानाला कळला की त्याला चिन्ह जोडणं सोपं जातं. गणितात डब्याची झाकणं डब्यांना जुळवणं, जेवताना प्रत्येकाच्या ताटाजवळ एकेक वाटी ठेवणं, हे शंभरपर्यंतचे अंक घोकण्याच्या कितीतरी आधीचं आणि मोलाचं. १ ते १०० म्हणून दाखवणाऱ्या मुलाला ‘मला सात गोट्या दे’ म्हणून बघा, फरक लगेच कळेल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नं तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर मानला आहे आणि तिथे खेळ व कृती यांवर आधारित शिक्षण सांगितलं आहे. त्याला धरून २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही आला. पालकसभेत धोरणाचा दाखला द्यायला हरकत नाही. पण मुलाच्या कामाचे नमुने समोर ठेवले की जास्त पटतं : जूनमधलं चित्र आणि डिसेंबरमधलं चित्र शेजारी शेजारी.

बालवाडीचा खरंच एवढा फायदा होतो, याला पुरावा आहे का?

आहे. सगळ्यात जास्त चर्चेतला अभ्यास अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावातला, पेरी प्रीस्कूल म्हणून ओळखला जाणारा. १९६०च्या दशकात गरीब कुटुंबांतली १२३ मुलं दोन गटांत विभागली. ५८ मुलांना उत्तम बालवाडी मिळाली, ६५ मुलांना नाही. पुढे चाळिशीपर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवाडीत गेलेल्यांचं शिक्षण, कमाई आणि एकूण आयुष्य सरासरीनं बरं निघालं. पण ती बालवाडी कशी होती तेही वाचा : लहान गट, प्रशिक्षित शिक्षक, दर आठवड्याला घरभेट. एका खोलीत पन्नास मुलं कोंबून पाढे म्हणवणाऱ्या वर्गानं या अभ्यासाचा हवाला देऊ नये.

मुलाची घरची भाषा वेगळी असेल तर?

वारली, कोरकू, गोंडी, अहिराणी, उर्दू, भोजपुरी, काहीही असू शकते, आणि मुंबई-पुण्यातल्या एकाच वर्गात चार भाषा सहज सापडतात. मुलाची भाषा ‘अशुद्ध’ म्हणून दुरुस्त करायची नाही, हा पहिला नियम. त्याच्या भाषेतले दहा-वीस शब्द तुम्ही शिका : पाणी, शू, आई, भूक, दुखतंय, इकडे ये. नव्या जागी घाबरलेल्या मुलाला आपल्या भाषेतला एक शब्द ऐकू आला की ते मोकळं होतं. मराठी किंवा इंग्रजी त्यावर हळूहळू चढते.

मुलगे हा विषय घेऊ शकतात का?

घेऊ शकतात, घ्यावा. गिजुभाईंचं उदाहरण वर आहेच. अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षिका ही पदं महिलांसाठी आहेत, पण प्रशिक्षण, साहित्यनिर्मिती, संशोधन, स्वयंसेवी संस्था, बालविकास प्रकल्प अधिकारी हे रस्ते खुले आहेत. वर्गात एखादा शांत, प्रेमळ पुरुष शिक्षक असणं मुलांच्याही हिताचं.

भेटीच्या दिवशी एखादं मूल रडायला लागलं, चावलं, मारलं तर मी काय करायचं?

निरीक्षक म्हणून तुमचं काम बघण्याचं आहे, वर्ग ताईंच्या हातात असतो. मूल तुमच्याकडे आलं तर खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. ‘रडू नको’ऐवजी ‘आई हवीय ना? आई जेवायच्या वेळेला येणार आहे’ म्हणा, तेही खरं असेल तरच. ‘आत्ता येते हं’ असं खोटं सांगून पाच मिनिटं शांतता मिळते, पण मुलाचा विश्वास जातो. चावलं तर आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जा. मारणं, कोपऱ्यात उभं करणं, ‘घाणेरडा मुलगा’ म्हणणं हे आपल्या विषयात कुठल्याही परिस्थितीत बसत नाही.

मुलांचे फोटो, व्हिडिओ काढता येतात का?

नाही. निरीक्षण वहीसाठीसुद्धा नाही, स्टेटससाठी तर नाहीच. मुलांच्या कामाचं, साधनांचं छायाचित्र ताईंना विचारून घ्या. वहीत खरं नाव, पत्ता, घरची माहिती लिहू नका, आणि बसमध्ये परत येताना ‘त्या मुलीची आई म्हणे…’ अशा गप्पा मारू नका. लैंगिक अत्याचारापासून बालकांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, आणि अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांपर्यंत न पोचवणं हा त्यात गुन्हा आहे. काही खटकलं तर त्याच दिवशी मला सांगा.

साहित्य तयार करायला खूप खर्च येतो का?

येऊ नये. चकचकीत, थर्माकोलचे, फक्त तपासणीपुरते तक्ते मला नकोत. चिंचोके, बाटल्यांची बुचं, कापडाचे तुकडे, नारळाच्या करवंट्या, जुन्या लग्नपत्रिका यांतून उत्तम साधनं होतात. कसोटी एवढीच : मुलानं पन्नास वेळा हाताळल्यावरही ते टिकतं का, आणि तीन वर्षांच्या मुलानं तोंडात घातलं तर धोका नाही ना? गिळता येईल एवढी बारीक वस्तू धाकट्या गटाला द्यायची नाही.

पुढे नोकरी मिळते का? पगार किती?

नोकरी मिळते, पगाराबद्दल मी गोड बोलणार नाही. खासगी बालवाड्यांत बहुतेक ठिकाणी कामाच्या मानानं पगार कमी आहेत. अंगणवाडी सेविकांना पगार नव्हे, मानधन मिळतं, आणि त्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरावं लागलं आहे. त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं. देशाच्या सगळ्यात लहान नागरिकांना सांभाळणाऱ्या बायकांना हक्काचं वेतन नसावं, ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी गोष्ट आहे, आणि तुमच्या पिढीनं ती बदलायला हवी असं मला मनापासून वाटतं.

वाटा मात्र बऱ्याच आहेत. जिल्हा परिषदेच्या पर्यवेक्षिका पदासाठी गृहविज्ञान, बालविकास, शिक्षण, पोषण किंवा समाजशास्त्र या विषयांतली पदवी बघितली जाते. प्रकल्प अधिकारी पदासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा. पूर्वप्राथमिक शिक्षिका व्हायचं असेल तर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या निकषांनुसारची दोन वर्षांची पदविका आहे, तिला बारावीनंतर प्रवेश मिळतो. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, त्यामुळे तिथेही जाणती माणसं लागतात. शिवाय बालसाहित्य, खेळणी, रुग्णालयातले बालविभाग, विशेष गरजा असलेल्या मुलांसोबतचं काम.

गुण कसे मिळतात?

लेखी परीक्षा, निरीक्षण वही, स्वतः बनवलेलं एक साधन आणि एक गोष्ट सांगणं. गोष्ट पुस्तकात न बघता, मुलांसमोर बसून सांगायची. हजेरीचे गुण वहीवरूनच कळतात, भेटीला न जाता लिहिलेलं निरीक्षण लगेच ओळखू येतं. त्यात मुलं कधीच मध्येच उठून जात नाहीत.

वर्ग सुरू होण्याआधी काय करून ठेवू?

ओळखीतल्या एखाद्या तीन ते सहा वर्षांच्या मुलाच्या घरी, घरच्यांना विचारून, अर्धा तास बसा. मोबाइल पिशवीत ठेवा. मूल काय करतं, कुणाशी काय बोलतं, किती वेळ एका गोष्टीत रमतं ते बघा आणि घरी येऊन आठवेल तसं एक पान लिहा. घरातल्या आजीकडून दोन बडबडगीतं आणि एक गोष्ट चालीसकट, हावभावांसकट शिकून घ्या. पहिल्या तासाला येताना ते पान, दोनशे पानी एकेरी रेघांची वही आणि आजीची गोष्ट एवढं घेऊन या.